साडूंचा तुवालू

आमचे थोरले साडू कधीकाळी स्वर्गाच्या दारात पोचले, तर आत पाऊल टाकण्याआधी ते स्वर्गाची हद्द कायम करून मागतील, आणि द्वारपालाने टाळाटाळ केली तर स्वतःच मोजणीला उभे राहतील, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. ते मला ‘पाव्हणं’ म्हणतात. लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी मी त्यांच्या लेखी अजून पाहुणाच आहे. दाजींची उभी नोकरी जमीन मोजणीच्या खात्यात झाली. जामखेडपासून पारनेरपर्यंत जिल्ह्यातलं असं वावर नसेल ज्याच्या बांधावरून ते साखळी घेऊन चालले नाहीत. खात्यातून ते निवृत्त झाले, पण खातं काही त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. माझ्या लग्नात मी बोहल्यावर घाम पुसत उभा असताना हे गृहस्थ मांडवाच्या खांबांमधलं अंतर पावलांनी मोजत फिरत होते. अक्षता पडल्यावर पहिली ओळख करून घ्यायला आले आणि म्हणाले, “मांडव सव्वा फूट वाकडा हाय, पाव्हणं. पन चालंल. लगीन सरळ लागलं म्हंजे झालं.” पुरणपोळी ते आधी चार सारख्या हिश्शांत करतात, आणि एखादा हिस्सा बोटभर मोठा निघाला तर तो शेवटी खातात, म्हणजे भांडण राहत नाही म्हणतात. आमच्या नगरच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी खिशातून एक गोटी काढून हॉलच्या फरशीवर ठेवली. गोटी निवांत चालत चालत मोरीपाशी गेली. “उतार बरोबर हाय,” दाजी म्हणाले, “पन मोरी बैठकीत आलीया.” ती गोटी अजून आमच्याकडेच आहे.

असा माणूस विनोदी वाटतो, आणि आहेच. पण त्यांच्या कामात विनोद फारसा नव्हता. लोक मोजणी मागवतात ती भांडण झाल्यावर. दाजी जायचे तेव्हा एका बाजूला थोरला भाऊ कुऱ्हाड घेऊन उभा असायचा, दुसऱ्या बाजूला धाकटा, आणि दोघांच्या बायका आपापल्या बांधावरून दाजींच्याच कुळाचा उद्धार करत असायच्या. पारनेर तालुक्यात एकदा त्यांनी दोन भावांच्या मधला दीड फूट काटेकोर मोजून दिला. कागद सरळ, खुणा सरळ. पुढे वर्षभरात त्या भावांची आई वारली, तेव्हा दहाव्याला दोघे भाऊ आले, पण एक सकाळी येऊन गेला आणि एक दुपारी आला. ही हकिकत दाजी कधी पूर्ण सांगत नाहीत. “मोजनी बरोबर हुती,” एवढं म्हणतात आणि उठून जातात.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात दाजींना तुवालू सापडला. रद्दीच्या दुकानात शेंगदाण्याच्या पोत्यावर एक जुना शाळेचा नकाशासंग्रह पडला होता. नकाशा दिसला की दाजींचा पाय उचलत नाही. त्यांनी तो घरी आणला, पुसला, आणि एकेक पान भिंगातून बघायला लागले. पॅसिफिक महासागराच्या पानावर, निळ्या मोकळ्या जागेत, त्यांना माशीची घाण दिसली. नखाने खरवडली, निघेना. थुंकी लावून खरवडली, तरी निघेना. मग भिंग जवळ नेलं तर शेजारी बारीक अक्षरात नाव: तुवालू. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता माझा फोन वाजला.

“पाव्हणं, एक देश घावलाय.”

“कसला देश?”

“आख्खा देश. सोतंत्र. झेंडा हाय, पंतप्रधान हाय. आन् त्याचं मुख्य बेट लांबीला जामखेडपासून पुढच्या गावापर्यंत, रुंदीला आपल्या वावराएवढं. पायी हिंडून आठवड्यात मोजून व्हतो!”

मी म्हटलं, दाजी, तो देश आपल्याला कुणी मोजायला बोलावलंय का? तर म्हणाले, “तेच तर! कुनी बोलावलं न्हाई, कुनाचं भांडान न्हाई. दोन्ही अंगाला समुद्र. हरकत घेनार कोन?” त्यांच्या आवाजात मी इतक्या वर्षांत न ऐकलेला एक हलकेपणा होता. तेव्हा मला वाटलं, उन्हाळा आहे, पाऊस पडला की उतरेल. पाऊस पडला, त्या वर्षी जरा बराच पडला, पण तुवालू उतरला नाही.

त्यांनी फाईल केली. जाड पुठ्ठ्याची, लाल नाडीची. पहिल्या पानावर ‘दौरा’ असं लिहून खाली रेघ. मुंबई, सिंगापूर, फिजी, आणि फिजीहून एका छोट्या विमानाने तुवालू. ते विमान आठवड्यातून मोजक्याच वेळा जातं, म्हणजे गेलात की राहायचंच. दिवसांची आखणी अर्ध्या अर्ध्या तासाची होती. मी ती वाचलेली आहे. दिवस पहिला: उतरणे, हात-पाय धुणे, देशाचा मध्य पाहणे. दिवस दुसरा: दक्षिण टोक. दिवस तिसरा: उत्तर टोक. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी देश संपत होता. दाजींनी त्यावरही उपाय काढला होता. दिवस चौथा: राहिलेले पाहणे. दिवस पाचवा: पाहिलेले पुन्हा पाहणे. दिवस सहावा: खात्री करणे. दिवस सातवा: निरोप.

त्याच झपाट्यात त्यांनी सगळ्या नात्यागोत्याला पासपोर्ट काढायला लावले. कुणी कुठे जाणार नव्हतं. पण दाजी लग्नात, बारशात, जागरण-गोंधळात माणसाला बाजूला घ्यायचे आणि विचारायचे, “सातबारा हाय का?” तो हो म्हणायचा. “पासपोर्ट?” तो नाही म्हणायचा. “मंग तू फकस्त गावात हायेस,” दाजी म्हणायचे, “जगात न्हाईस.” माझ्या बायकोने आणि मी त्यांचा पिच्छा सुटावा म्हणून पासपोर्ट काढले आणि कपाटात साड्यांखाली ठेवून दिले.

या सगळ्याला विरोध होता एकाच व्यक्तीचा, आणि ती व्यक्ती म्हणजे आक्का, माझी थोरली मेव्हणी. आक्कांचा प्रवास म्हणजे माहेर, सासर, आणि वर्षातून एकदा शिर्डी. समुद्र त्यांनी पाहिलेला नव्हता. “मला तिथं कोन वळखतं?” हा त्यांचा पहिला मुद्दा. दुसरा मुद्दा, तिथे ज्वारी मिळत नाही. तिसरा मुद्दा त्यांनी फक्त माझ्या बायकोला सांगितला: हा माणूस तीस वर्षं सकाळी डबा घेऊन गेला आणि संध्याकाळी लोकांच्या बांधाच्या गोष्टी घेऊन आला, आता घरी बसलाय तर जरा घरी बसू दे की.

दाजींनी मग आक्कांना देश समजावून द्यायचं ठरवलं. जामखेडच्या बाहेर त्यांचं दोन एकर वावर आहे. ज्वारी निघून ते मोकळं पडलं होतं. एका सकाळी दाजी पांढऱ्या फक्कीचं पोतं आणि टेप घेऊन गेले आणि तुवालूच्या मुख्य बेटाची सगळ्यात चिंचोळी जागा त्यांनी खऱ्या मापात वावरात आखली. दोन पांढऱ्या रेघा, मध्ये तीस-पस्तीस पावलांची जमीन, कडेला खुंट्या, खुंट्यांना लाल फडकी. आक्का न्याहारी घेऊन आल्या तेव्हा दाजी मध्यभागी उभे राहून ओरडले, “आगं थांब, तू समुद्रात हुबी हायेस!” आक्का जागच्या हलल्या नाहीत. “भाकरी घ्या,” म्हणाल्या, “न्हाईतर ती बी बुडंल.”

खरी गंमत पुढेच झाली. निवृत्त झाला तरी मोजणीवाला माणूस, वावरात पांढऱ्या रेघा, लाल फडकी. तासाभरात बांधावर चाळीस माणसं जमली. कुणी म्हणे बायपास निघाला, कुणी म्हणे कालवा. एक म्हातारी तर थेट रेघेवर बसली आणि म्हणाली, माझ्या मढ्यावरून रस्ता न्या. दाजी घसा फोडून सांगत होते, “आवो मावशे, रस्ता न्हाई, ह्यो तुवालू हाय!” म्हातारीने विचारलं, “त्यो कुन्या पार्टीचा?” दुपारपर्यंत बातमी बाजारात पोचली आणि पोचता पोचता तिचं रूप बदललं. साहेब ‘वाळू’ला चाललेत, परदेशात वाळूचा ठेका घेतलाय म्हणे. पुढे दोन महिने दाजींकडे ट्रॅक्टरवाले येत होते, आमचं काही जमवा म्हणून.

त्या फाईलमध्ये नंतर नंतर एक वेगळंच पान आलं. माहिती काढता काढता दाजींना कळलं होतं की समुद्र वर येतोय आणि तो देश कडेकडेने जातोय. ते ऐकून त्यांना शेजाऱ्याने बांध कोरल्याचा राग येतो तसा राग आला. “नोटीस न्हाई, पंचनामा न्हाई, थेट अतिक्रमन,” ते मला म्हणाले. “म्या म्हनलं हुतं हरकत घेनार कोन. हरकतदार सगळ्यात मोठा निगाला की ओ.” त्या दिवसापासून त्यांची घाई वाढली. आणि आक्काही त्या दिवसापासून गप्प झाल्या. एकदा फक्त म्हणाल्या, “जाऊन येऊ म्हनत्यात तर जाऊ. जागा ऱ्हाईल का न्हाई कुनाला ठावं.” दुसऱ्या दिवशी त्या ज्वारीचं पीठ चाळायला बसल्या. दाजींनी तिकिटं काढली, दोघांची.

निघायला सहा दिवस राहिले असताना आक्कांचा आम्हाला फोन आला. “ह्यांनी आज चहा बशीत वतायचा तर सतरंजीवर वतला. दोन बोटं बाजूला. आन् काय झालं म्हनलं तर सांगंनात.” मी गाडी काढून जामखेडला गेलो. दाजी दाराशी बसले होते, उजवा डोळा मिटून.  मी खोदून विचारलं तेव्हा आत जाऊन त्यांनी उशीखालून एक कागद काढून आणला. त्यावर तीन दिवसांच्या नोंदी होत्या. ‘सोमवार, सकाळी दाढी करताना, उजव्या डोळ्यात कोपऱ्यात काळा पडदा. मंगळवार, पाव हिस्सा. बुधवार दुपार, तिसरा हिस्सा.’ डोळ्यावर अंधार उतरत होता आणि हा माणूस त्याची मोजणी करत होता! मी इतका चिडलो की पहिल्यांदाच त्यांच्यावर ओरडलो. “दाजी, तीन दिवस काय करत होतात?” ते खाली बघत म्हणाले, “डाक्टर म्हनला आसता, जाऊ नका.”

नगरच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि आम्हाला दोघांनाही चांगलंच झापलं. डोळ्याचा आतला पडदा सुटला होता. त्याच संध्याकाळी ऑपरेशन केलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी समजावून सांगितलं: डोळ्यात गॅस भरलाय, तो पडद्याला जागेवर दाबून धरील. त्यासाठी दोन आठवडे मान खाली. बसायचं तर मान खाली, झोपायचं तर पालथं. आणि गॅस विरेपर्यंत विमान अजिबात नाही. विमान वर गेलं की गॅस फुगतो आणि डोळा कायमचा जातो.

दाजी पालथेच होते. खालूनच आवाज आला. “फिजीपर्यंत चालंल का?”

“शिर्डीहून हैद्राबादपर्यंतसुद्धा चालणार नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दवाखाना जवळ म्हणून दाजींना आमच्याच घरी ठेवलं. हॉलमधल्या दिवाणावर ते पालथे झोपलेले, कपाळाखाली उशांची चळत, खाली फरशी. त्या फरशीकडे बघत त्यांनी जाहीर केलं, “रद्द करा.”  मी फाईल उघडून फोन नंबर शोधायला लागलो. बायको पंख्याखाली उगाच उभी राहिली. आक्का स्वयंपाकघराच्या दारात होत्या, पदराला हात पुसत.

“रद्द कशापायी?” आक्का म्हणाल्या. “मी जाते.”

दाजी मान वर करायला गेले, आणि मी ती परत खाली दाबली.

“मी जाते म्हनलं,” आक्का पुन्हा म्हणाल्या. “एवढी दोन वरसं घोकलंय. पीठ बी दळून झालंय. तुमचं डोळं इथं बरं होत्याल, पाव्हणं हायेत, डाक्टर हाय. मी नुसतं भिताडाला टेकून बसून काय करू?”

मी म्हटलं, आक्का, एकट्या? तेवढ्यात माझी बायको म्हणाली, “एकटी कशाला? माझा पासपोर्ट आहे की.” ती हे अशा आवाजात म्हणाली की जणू तो पासपोर्ट दोन वर्षं साड्यांखाली याच दिवसाची वाट बघत होता. दाजींची जागा सोडली आणि तिच्यासाठी नवं तिकीट काढलं. त्या छोट्या विमानात नेमकी एकच जागा रिकामी होती. मला वाटतं ती दाजींचीच असावी.

मग पाच दिवस आमच्या हॉलमध्ये वर्ग भरला. दाजी पालथे, दोघी बहिणी फरशीवर मांडी घालून, त्यांची तोंडं दाजींना दिसावीत म्हणून. नळीने चहा पीत पीत दाजी शिकवायचे. “पान चार. उतरल्यावर पह्यलं काय?” “हात-पाय धुनं,” आक्का म्हणायच्या. “मंग?” “देशाचा मध्य.” पाठांतर चोख होतं. माझ्या बायकोने तर तुवालूच्या भाषेतला नमस्कारही पाठ केला. ज्या दिवशी दोघी निघाल्या, त्या दिवशी आक्का दिवाणाशी वाकून बसल्या, दाजींच्या तोंडाखाली तोंड नेऊन म्हणाल्या, “थेंब येळच्या येळी घाला. आन् मान वर करू नगा.” दाजींनी फक्त “व्हय” म्हटलं. गाडी गेल्यावर मला म्हणाले, “पाव्हणं, तिनं चष्मा घेतलाय का बघा.” घेतला होता.

त्या आठवड्यात आम्ही दोघे साडू घरात राहिलो. मी खिचडी करायचो आणि दाजी दिवाणावरून सूचना करायचे. त्यांना काही दिसत नव्हतं, पण वासावरून ते पाण्याचं प्रमाण सांगायचे आणि ते बरोबर असायचं. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेसहा तास पुढे. म्हणून रोज अकराच्या सुमाराला, तिकडे ऊन उतरलं की, फोन यायचा. तो फोन मी दाजींच्या तोंडाखाली फरशीवर ठेवायचो. फिजीत आक्कांच्या पिशवीतली शेंगदाण्याची चटणी तपासणीला लागली होती. तपासणारा माणूस चार पिढ्यांपूर्वी गेलेल्या कुणा हिंदुस्थानी माणसाचा पणतू, हिंदी बोलणारा. आक्कांनी त्याला चमचाभर खायला लावली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिखटाने की आणखी कशाने, ते आक्कांना कळलं नाही. चटणी पुढे गेली, पीठ मात्र त्याने ठेवून घेतलं.

तुवालूहून पहिला निरोप आला: “पोचलो. लई गरम हाय. जामखेडवानी.” दाजी खूश झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, “दक्षिन टोक बघितलं?” आक्का म्हणाल्या, न्हाई. झालं होतं असं की सकाळी दोघी टोकाला निघाल्या, तर वाटेत एका घराच्या सावलीला चार बायका पानांची चटई विणत बसलेल्या. आक्कांना शिंदीच्या पानांची चटई विणता येते. त्या नुसतं बघायला थांबल्या, मग वाकल्या, मग बसल्या, आणि दुपारपर्यंत उठल्याच नाहीत. त्यातली थोरली बाई सेलिना नावाची. तिला मराठी येत नव्हतं, आक्कांना तिची भाषा येत नव्हती, इंग्रजी दोघींना बेताचंच. “मंग बोललात काय?” दाजींनी विचारलं. “लई बोललो,” आक्का म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी उत्तर टोक राहिलं. चौथ्या दिवशी ‘राहिलेले पाहणे’ होतं, पण त्या दिवशी गावच्या मोठ्या चावडीवजा सभागृहात गाणं-नाच होता आणि सेलिनाने दोघींना नेलं. दाजींचा पारा चढत चालला. “आखनी काय फुकट केली का? दोन टोकं बघायची न्हाईत म्हंजे देश बघितलाच न्हाई!” ते फरशीला सांगत होते. तेवढ्यात माझ्या फोनवर फोटो आला. डोक्यावर फुलांचं कडं, कमरेला पदर खोचलेला, दोन्ही हात वर, तोंड उघडं ठेवून हसणारी एक बाई. ती माझी बायको आहे हे कळायला मला एक क्षण लागला. सव्वीस वर्षांत तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं, की पाहिलं होतं आणि विसरलो होतो, याचा विचार करत मी बराच वेळ फोटो बघत बसलो. “काय आलंय?” दाजींनी खालून विचारलं. मी सांगितलं. त्यांनी उशीत कपाळ जरा सरकवलं. मग म्हणाले, “ऱ्हाऊ द्या. टोकं कुठं पळत्यात.”

पाचव्या दिवशी आक्का आपणहून खूप बोलल्या. तिथे विहीर नाही, नदी नाही. छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवायचं आणि तेच वर्षभर प्यायचं. पाऊस लांबला की घरागणिक वाटून मिळतं. “चारी बाजूला पानी आन् प्यायला थेंब न्हाई,” आक्का म्हणाल्या. आक्का जन्मभर टँकरच्या रांगेत उभ्या राहिलेल्या. त्यांनी सेलिनाच्या घरी अर्ध्या बादलीत अंघोळ केली, उरलेल्या पाण्यात पातळ पिळलं, आणि ते पाणी झाडाला घातलं. सेलिना दारात उभी राहून बघत होती. त्या दिवशी तिने आक्कांना आपल्या घरातल्यांत जेवायला बसवलं आणि माशाऐवजी नारळ-केळ्यांचं काहीतरी मुद्दाम करून घातलं.

सहाव्या दिवशी फोन उशिरा आला. सेलिना त्या दिवशी त्यांना बेटाच्या एका कडेला घेऊन गेली होती. तिथे माडाची झाडं मुळांसकट आडवी पडली होती आणि जिथे तिच्या आजोबांची जागा होती तिथे लाटा होत्या. तिने हाताने दाखवलं, इथपासून तिथपर्यंत. बस. 

दाजींनी विचारलं, “हद्दीला खूण काय हुती तिथं?”

“माडच हुतं म्हनं,” आक्का म्हणाल्या. “आता त्ये बी न्हाई.”

“मंग तिला कसं कळतं, कुठवर हुतं?”

पलीकडे वाऱ्याचा आवाज येत राहिला. “ठावं आसतं की,” आक्का म्हणाल्या. “आपलं कुठवर हुतं त्ये काय कागदावरच आसतं व्हय?”

फोन बंद झाला.  मी फोन उचलायला वाकलो तर फरशीवर दोन-तीन थेंब पडलेले. माझं लक्ष गेलेलं त्यांना कळलं. “थेंब घातलंत ना मगाशी,” ते म्हणाले. थेंब मी सकाळी आठला घातले होते. मी फडक्याने फरशी पुसली आणि चहा टाकायला गेलो.

दोघी परत आल्या त्याला आता वर्ष होईल. दाजींचा डोळा वाचला. माणसं दिसतात, दार दिसतं, ताटातलं दिसतं. बारीक मात्र दिसत नाही, आणि उजव्या डोळ्याने सरळ रेघ पाहिली की ती मध्येच लवते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तीन दिवस आधी आला असतात तर. दाजींनी ते ऐकून घेतलं. नकाशे हल्ली ते कमीच काढतात. पुन्हा जायचं का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “बघू.” त्यांच्या तोंडून ‘बघू’ हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला, पूर्वी ते तारीख सांगायचे.

जामखेडला गेलो की संध्याकाळी आम्ही त्यांच्या अंगणात खुर्च्या टाकून बसतो. आक्का शेंगा फोडत असतात. शेजारच्या बायका अजून अधूनमधून तुवालूची गोष्ट ऐकायला येतात आणि आक्का ती थोडी थोडी सांगतात, एकदम सगळी कधीच नाही. दाजी मध्ये बोलत नाहीत. इतकी वर्षं त्या घरात बाहेरची गोष्ट सांगणारे ते होते आणि ऐकणाऱ्या आक्का. आता ते ऐकतात, आणि फार चांगलं ऐकतात. एखादा तपशील मागच्या वेळेपेक्षा वेगळा आला तरी दुरुस्त करत नाहीत.

परवा असेच बसलो होतो. ऊन उतरलं होतं, समोरची तूर पिवळी दिसत होती. बायका उठून गेल्या होत्या. दाजी बराच वेळ मावळतीकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, “तिथं सांजच्याला उजेड कसा पडतो गं?”

आक्कांचे हात थांबले. वर्णन वगैरे करणं त्यांच्या स्वभावात नाही. त्यांनी सुपातल्या शेंगा जरा इकडेतिकडे केल्या, समोर बघितलं, विचार केला.

“आपल्यासारखाच पडतो,” त्या म्हणाल्या. “पन दोन्ही अंगानं.”

दाजींनी मान हलवली. मग त्यांनी खुर्ची थोडी फिरवली, मावळतीचा उजेड एका अंगावर येईल अशी, आणि डोळे मिटून तसेच बसून राहिले.